एकाच ब्लॉकवर चार रंग: रिडक्शन लिनोकट, क्रम न चुकवता

"म्याडम, आता पिवया कुठून आनू?"

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या ओसरीत एका मुलीने मला हे विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने पळसाची फांदी फार छान काढली होती. आठ ताव घेतले होते. तीन तावांवर पिवळा छापला, तो सुंदर उतरला, त्या आनंदात ती पुढचं कोरायला बसली. पाच ताव कोरेच राहिले आणि पिवळा छापायची जागा ब्लॉकवरून निघून गेली. ती जागा परत चिकटवता येत नाही.

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, उरलेल्या भागाला शाई लावून कागदावर घेतलेला ठसा. तो कोरायचा तुकडा म्हणजे ब्लॉक. रिडक्शन लिनोकटमध्ये सगळ्या रंगांसाठी ब्लॉक एकच असतो. तो आधी सगळ्यात फिक्या रंगात छापायचा, मग थोडा कोरायचा, मग त्याच तावांवर त्याहून गडद रंगात छापायचा, पुन्हा कोरायचा. शेवटी ब्लॉकवर फक्त सगळ्यात गडद भाग उरतो. दर वर्षी माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा, आणि मोठ्यांचाही, हात बरा असतो. बिघडतो तो क्रम. बरोबरच काम, पण एक पायरी आधी किंवा एक पायरी नंतर केलेलं. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. चित्र कसं काढावं ते यात नाही.

उदाहरण पळसाचंच घेते. फुलतो तेव्हा त्याला पानं जवळपास नसतात, त्यामुळे हिरव्या-लालची भानगड येत नाही. पिवळा, नारिंगी, लाल, काळपट तपकिरी अशी सरळ फिक्याकडून गडदकडे जाणारी उतरंड मिळते. ब्लॉक १५ × २० सेंमी, ताव २५ × ३० सेंमी, रंग चार, आणि शेवटी हातात हवेत १० ठसे.

## आधी महिना बघा

आपल्याकडे हे काम दिवाळी ते होळी या काळातच करावं. पावसाळ्यात कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो. सोमवारी पिवळा छापला तेव्हा असलेला ताव शनिवारी मिलिमीटरभर मोठा झालेला असतो, मग जुळणी कितीही नेमकी करा, कडेला पिवळी रेघ डोकावते. शिवाय शाई आठवडाभर वाळत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उलटं होतं. शाई काचेवर पातळ होऊन पसरते, लिनो इतका मऊ पडतो की कोरणी लोण्यात गेल्यासारखी पुढे पळते. उन्हाळी सुट्टीतच करायचं असेल तर पहाटे पाच ते आठ.

चार रंगांना चार दिवस पुरत नाहीत. दोन रंगांच्या मधे हिवाळ्यातही दोन ते चार दिवस वाळवण लागतं, म्हणजे अडीच-तीन आठवडे धरा. "रविवारी बसून उरकतो" म्हणणाऱ्याने एकरंगी लिनोकट करावा.

## सामान, आणि सामानातल्या फसवणुकी

लिनो. इथेच पहिली फसगत होते. फरशीवर अंथरायचा रंगीत प्लॅस्टिकचा रोल बरेच दुकानदार लिनोलियम म्हणूनच विकतात. तो लिनो नाही. खरा लिनो जवसाचं तेल, राळ आणि बुचाचा भुसा यांचा असतो, पाठीला तागाचं कापड असतं. कोपरा कोरून बघा. लिनोचा छिलका आखूड निघतो आणि तुटतो, प्लॅस्टिकचा रबरासारखा लांबत जातो. वास घ्या. ज्यांच्या घरी जवसाचं तेल येतं त्यांना तो वास सांगावा लागत नाही. मोठ्या शहरातल्या चित्रकलेच्या दुकानात कापलेले तुकडे मिळतात. साधारण ३ मिलिमीटर जाडीचा घ्या.

कोरण्या. एक बारीक व्ही आकाराची, एक मध्यम आणि एक रुंद यू आकाराची. तीन पुरतात. स्वस्त सेटमधली दहा पाती बोथटच येतात. जुन्या छत्रीच्या पन्हळी काडीचं टोक घासून, लाकडी मुठीत बसवून चांगली बारीक यू कोरणी होते, मी अजून तीच वापरते. धारेसाठी १००० नंबरचा पॉलिश पेपर आणि जुना चामडी पट्टा जवळ ठेवा. दर अर्ध्या तासाने पट्ट्यावर पाच-सहा वेळा ओढायचं.

शाई. पाण्याची शाई आपल्या कोरड्या हवेत काचेवरच सुकते, ताव पूर्ण घासून होईपर्यंतही टिकत नाही. तेलाची घ्या. लग्नपत्रिका छापणाऱ्या तालुक्याच्या प्रेसमध्ये ऑफसेटची शाई असते, डब्यातली थोडी काढून द्या म्हटलं तर देतात. पिवळा, मॅजेन्टा, निळा, काळा, अपारदर्शक पांढरा आणि ट्रान्सपरंट व्हाइट. हा शेवटचा विसरू नका. तो रंग न बदलता शाई फिकी आणि पारदर्शक करतो.

बाकी. ७ ते १० सेंमीचा रबरी रोलर, खिडकीच्या काचेचा तुकडा (कडा घासून घेतलेला), पॅलेट नाइफ, बटर पेपर, चमचा, जुनी वर्तमानपत्रं, चिंध्या. घासायला पळीची पाठ किंवा गोल बुडाचा लाकडी चमचा.

कागद. १२० ते २०० जीएसएमचा. साधा कार्ट्रिज चालतो. सांगानेरचा हातकागद मिळाला तर उत्तम, पण गुळगुळीत बघून घ्या. फार खरबरीत हातकागदावर हाताने घासून सपाट रंग येत नाही, पांढरे ठिपके राहतात.

## १. चित्रावर आकडे टाका

चित्र ब्लॉकच्या मापाचं काढा, रंगवा, आणि मग प्रत्येक भागावर आकडा लिहा. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढच्या तीन आठवड्यांचा नकाशा आहे.

- ० म्हणजे कागदाचा पांढरा: पाकळ्यांवरच्या चंदेरी लवेच्या बारीक रेघा
- १ म्हणजे फिकट पिवळा: मागचं तापलेलं आभाळ
- २ म्हणजे नारिंगी: पाकळ्या
- ३ म्हणजे लाल: पाकळ्यांची सावलीची बाजू
- ४ म्हणजे काळपट तपकिरी: देठाजवळच्या मखमली वाट्या आणि फांदी

नियम एवढाच: ज्या भागावर जो आकडा, तो रंग छापून झाल्यावर तो भाग कोरायचा. शून्य सगळ्यात आधी, काहीही छापण्यापूर्वी. एक, पिवळा छापल्यावर. दोन, नारिंगी छापल्यावर. तीन, लाल छापल्यावर. चार कधीच कोरायचा नाही.

गोंधळ इथेच होतो. शाईचा साधा ठसा करताना आपण "नको ते काढतो". त्या सवयीने मुलं पुढच्या रंगाची जागा कोरतात: नारिंगी छापायचा आहे ना, मग पाकळी कोरा. पाकळी गेली! रिडक्शनमध्ये जे कोरलं तिथे आत्ताचा रंग कायमचा राहिला असं समजायचं. आभाळ पिवळं राहावं म्हणून आभाळ कोरायचं.

तपासा: शेजारच्या कोणाला तरी आकड्यांचं चित्र दाखवून "पिवळा छापल्यावर काय कोरू?" असं विचारा. त्याला चित्रावरून सांगता आलं तर नकाशा साफ आहे.

## २. लिनोवर चित्र उलटं उतरवा

ठसा आरशासारखा उलटा येतो. पळसाला फरक पडत नाही, पण एसटीची पाटी, दुकानाचं नाव, घड्याळ असेल तर फजिती होते. चित्र ट्रेसिंग पेपरवर घ्या, ट्रेसिंग पालथा करा, खाली कार्बन ठेवा आणि गिरवा.

कार्बनची रेघ पहिल्याच पुसण्यात जाते. म्हणून ती वॉटरप्रूफ काळ्या ड्रॉइंग शाईने पक्की करा, रात्रभर वाळू द्या आणि एकदा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मार्कर पेन वापरू नका. तेलाच्या शाईत त्याचा रंग सुटतो आणि तुमचा फिकट पिवळा जांभळट होतो. मी एकदा सोळाच्या सोळा ताव असे घालवले आहेत.

आकडेही लिनोवर लिहून ठेवा. ट्रेसिंग फेकू नका, तिसऱ्या रंगाला रेघा पुसट झाल्या की पुन्हा लागतो.

## ३. जुळणीची पाटी

रंगावर रंग नेमका बसावा म्हणून ब्लॉक आणि ताव दोघांनाही ठरलेली जागा हवी. डोळ्याच्या अंदाजाने चार रंग जुळत नाहीत. एकदाही नाही.

४० × ४५ सेंमीची हार्डबोर्डची किंवा प्लायची पाटी घ्या. मधे ब्लॉक ठेवा. त्याच्या डाव्या-खालच्या कोपऱ्याला लागून लिनोच्याच कापलेल्या, दीड सेंमी रुंद पट्ट्यांचा काटकोन फेव्हिकॉलने चिकटवा. ब्लॉक दर वेळी उचलून शाई लावायची आणि या काटकोनात सरकवून बसवायचा.

आता तावाचे अडसर. ब्लॉकच्या त्या कोपऱ्यापासून ५ सेंमी डावीकडे आणि ५ सेंमी खाली तावाचा कोपरा येणार. तिथे दुसरा काटकोन चिकटवा, आणि खालच्याच कडेला पुढे साधारण २० सेंमीवर एक सरळ पट्टी. हे अडसर लिनोच्या दुप्पट जाडीचे करा, दोन पट्ट्या एकावर एक. ताव ब्लॉकच्या उंचीवर टेकतो. अडसर तेवढाच उंच असेल तर जाड ताव त्याच्यावर चढून बसतो आणि कळतही नाही.

कोपरा आधी टेकवायचा, मग खालची कड, मग हात सोडत सोडत ताव खाली. हा क्रम कोऱ्या तावावर दहा वेळा करून बघा. हात स्वच्छ असतानाच सवय होते, शाई लागल्यावर नाही.

तपासा: पिवळ्याआधी दोन रद्दी तावांवर ब्लॉक नुसता काळ्यात छापा. मग तेच ताव पुन्हा त्याच जागी ठेवून पुन्हा छापा. कडा दुहेरी दिसली तर पाटी हलते आहे, पट्ट्या पुन्हा बसवा. ब्लॉक लगेच नीट पुसून घ्या.

## ४. ताव मोजा

१० ठसे हवेत तर १६ चांगले ताव कापा. दर रंगाला एखादा जातो: कधी बोट लागतं, कधी माशी बसते. वर त्याच मापाचे ३ रद्दी ताव. हे रद्दी ताव पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक रंगातून जातात, आणि प्रत्येक नवीन रंगाचा पहिला ठसा त्यांच्यावरच पडतो. आमच्याकडे मुलं त्यांना बळीचे बकरे म्हणतात.

सगळे ताव एकाच दिशेने कापा. गिरणीचा कागद एका दिशेला जास्त फुगतो. काही उभे, काही आडवे कापले तर निम्म्यांची जुळणी जाते. हातकागदाच्या चारही कडा दातेरी ठेवायचा मोह होतो, पण अडसराला टेकणाऱ्या दोन कडा सरळ कापाव्याच लागतात.

प्रत्येक तावाच्या पाठीवर पेन्सिलने दोन गोष्टी: कोपऱ्यात ठिपका, जो नेहमी काटकोनात जाणार, आणि १ ते १६ आकडा. दर रंगाला याच क्रमाने छापा.

थांबा: आता ठरलेला आकडा पुढे वाढत नाही. काकूने "मलेही एक दे" म्हटलं तर ते आत्ताच म्हणायला हवं.

## ५. शून्य कोरा

फक्त पांढऱ्या रेघा. बारीक व्ही कोरणीने. हिवाळ्यात लिनो कडक असतो, आधी पाच-दहा मिनिटं ओसरीतल्या उन्हात ठेवा. चुलीवर किंवा तव्यावर नको.

फळीला एका टोकाला खालून आणि दुसऱ्या टोकाला वरून एकेक लाकडी पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो. मग लिनो धरायला दुसरा हात पुढे न्यावा लागत नाही. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे. ज्या जखमा मी बघितल्या त्या सगळ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर होत्या.

वळण आलं की मनगट वळवू नका, ब्लॉक फिरवा. रेघेची कड बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा, आत पोखरू नका. पोखरलेली कड तिसऱ्या रंगापर्यंत तुटते. खोली एक-दीड मिलिमीटर. ताग दिसला म्हणजे जास्त झालं.

## ६. पहिला रंग

शाई फिक्यापासून बनवा. आधी ट्रान्सपरंट व्हाइट आणि थोडा अपारदर्शक पांढरा, त्यात पिवळा थोडा थोडा. उलट, पिवळ्यात पांढरा घालत बसलात तर वाटीभर शाई होते. या मापाच्या १६ तावांना चहाचे दोन-तीन चमचे पुरतात, तरी जरा जास्त करा. तोच रंग पुन्हा जुळवणं प्रेसवाल्यालाही कठीण जातं. उरलेली शाई दुधाच्या धुतलेल्या पिशवीच्या तुकड्यात हवा काढून गुंडाळून ठेवा.

शाई घट्ट हवी. नाइफवरून आपण होऊन गळत असेल तर थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मिसळा. कठीण असेल तर जवसाच्या तेलाचा एकच थेंब. तेल जास्त झालं की ठशाभोवती तेलकट कड उमटते आणि ती जात नाही.

काचेवर चमचाभर शाई आडवी-उभी रोल करा. इथे कान द्या. सुरुवातीला रोलर चिकट, मोठा 'चर्रर्र' आवाज करतो आणि शाईचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. तेव्हा शाई जास्त आहे. थोडी खरवडून काढा, रोल करत राहा. आवाज बारीक होत जातो, मंद कढईत जिरं तडतडावं तसा, आणि पृष्ठभाग साटिनसारखा एकसंध होतो. आता ब्लॉकला लावा. आवाज पूर्ण बंद झाला तर शाई कमी. हे शब्दांत सांगून अर्धंच कळतं. दोन-तीन बकरे वाया गेले की कानाला कळतं.

ब्लॉकवर चारही दिशांनी पातळ थर द्या. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ. पाटीवर बसवा, ताव टेकवा, वर बटर पेपर, आणि पळीच्या पाठीने मधून बाहेर गोल गोल घासा. बटर पेपरशिवाय घासलं तर कागदाची लव निघते. तावाच्या एका बाजूला किराणा दुकानातलं जुनं लोखंडी किलोचं वजन ठेवा, दुसऱ्या बाजूचा कोपरा अर्धा उचलून बघा. ठिपके दिसत असतील तर ताव तसाच परत टेकवून घासा. वजनामुळे तो जागचा हलत नाही.

पहिले दोन ठसे नेहमी फिके येतात, ब्लॉक शाई पितो. ते बकऱ्यांवर. मग १ ते १६.

ठसा चकचकीत, ओला-जाड दिसला तर त्यावर वर्तमानपत्राचा कोरा भाग ठेवून हलक्या हाताने टिपून घ्या. पहिला थर जितका पातळ, तितका चौथा रंग बरा बसतो.

थांबा. ताव मोजा. सोळा आणि तीन. दोरीवर लटकलेले, टेबलावरचे, सगळे बोट ठेवून मोजा. आकडा पूर्ण होईपर्यंत कोरणी हातात घेऊ नका. मध्येच लाईट गेली तर कंदील लावा, नाहीतर ब्लॉक पुसून उद्यासाठी ठेवा, पण "तोवर थोडं कोरून घेते" हे नको. माझी एक अख्खी आवृत्ती अशीच पाच ठशांची झाली.

## ७. वाळवणं, पुसणं, आणि चिंध्यांचा धोका

ताव दोरीला चिमट्याने, मोकळ्या कडेला धरून लटकवा. ज्या खोलीत कापूस भरून ठेवला आहे तिथे नको. तंतू उडतात आणि ओल्या पिवळ्यावर चिकटतात, मग काढता येत नाहीत. पंखा एक नंबरवर, तावांवर थेट नाही.

घाई असेल तर शाईत ड्रायर (शाई लवकर वाळवणारं द्रव) घालता येतो: चहाच्या चमच्याभर शाईला एक थेंब, दोन फार झाले. जास्त घातला तर वरचा थर कडक-चकचकीत होतो आणि पुढची शाई त्यावरून घसरते. लहान मुलांच्या हाती ड्रायर देऊ नका.

ब्लॉक आणि काच पुसायला रॉकेल शोधत फिरू नका. घरातलं सोयाबीन तेल कापडावर घ्या, शाई सुटते. मग कोरड्या फडक्यांनी तेलाचा अंश राहणार नाही इतकं पुसा. तेलकट ब्लॉकवर पुढची शाई ठिपक्या-ठिपक्यांनी बसते. काच आणि रोलर साबणाने धुवा, ब्लॉक नको. पाणी तागात शिरतं आणि लिनो वाकतो.

सावधान: जवसाच्या तेलाच्या शाईने माखलेल्या चिंध्या चुरगळून ढीग करून ठेवू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि ढिगातली उष्णता बाहेर न पडल्याने चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, काडी न लावता. आपल्याकडे खोलीत कुटार, कापूस, गोणपाटं असतात. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

## ८. एक कोरा, नारिंगी छापा

आता आभाळ कोरायचं. सगळं. ब्लॉकचा निम्म्याहून जास्त भाग एका दमात जातो आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा धीर सुटतो. चित्रावरचे आकडे बघा आणि कोरा. फुलांच्या आणि फांदीच्या कडेने आधी व्ही कोरणीने बारीक चर काढा, मग रुंद यू कोरणीने बाहेरून त्या चराकडे. चर नसेल तर कोरणी घसरून पाकळीत जाते.

कोरलेल्या आभाळात उंचवटे राहतात, त्यांना शाई लागते आणि नारिंगी ओरखडे उमटतात. काहींना ते आवडतात. मलाही थोडे आवडतात, वावरातल्या झळांसारखे दिसतात. नको असतील तर जुन्या ठशावरून वर्तमानपत्रात फुलांच्या आकाराची खिडकी कापा आणि शाई लावलेल्या ब्लॉकवर ती झडप ठेवून मग ताव ठेवा.

नारिंगीसाठी पिवळ्यात तांदळाच्या दाण्याएवढा मॅजेन्टा घालून सुरुवात करा. लक्षात ठेवा, ऑफसेटची रंगीत शाई पारदर्शक असते. खालचा पिवळा वर येणार आहे. म्हणून काचेवर दिसतो त्याहून ठसा उबदार दिसतो. रंग कोऱ्या कागदावर नाही, पिवळा छापलेल्या बकऱ्यावर बोटाने टेकवून तपासा. याच कारणाने पिवळ्यावर निळा छापला की हिरवा येतो. निळाच हवा असेल तर त्यात भरपूर अपारदर्शक पांढरा घालावा लागतो.

पिवळा किती वाळायला हवा? बोट हलकेच टेकवल्यावर रंग लागू नये, पण किंचित चिकट जाणवावं. अगदी कडक वाळलेल्या, काचेसारख्या थरावर नवी शाई नीट धरत नाही. पूर्ण ओल्यावर छापलं तर पिवळाच उचलून रोलरवर येतो आणि नारिंगी गढूळ होते.

तपासा: पहिल्या तीन तावांनंतर थांबून पाकळीवरच्या पांढऱ्या रेघांच्या कडा बघा. तीनही तावांवर पिवळी फट एकाच बाजूला असेल तर ब्लॉक काटकोनात नीट टेकत नाही, कचरा अडकला असेल. फटी वेगवेगळ्या बाजूंना असतील तर ताव ठेवणारा हात चुकतो आहे.

ताव मोजा.

## ९. दोन कोरा, लाल छापा

पुसणं, वाळवणं तेच. आता उजेडातल्या पाकळ्या कोरल्या जातात, सावल्या उरतात. कोरण्याआधी दोन क्षण थांबा: पाकळी आणि वाटी यांच्या मधली कड कोणाची आहे, दोनची की चारची? शंका आली तर कोरू नका. न कोरलेलं उद्या कोरता येतं.

लालसाठी त्याच नारिंगीत मॅजेन्टा वाढवा. ट्रान्सपरंट व्हाइट कमी.

## १०. तीन कोरा, गडद छापा

आता ब्लॉकवर वाट्या आणि फांदी एवढंच उरतं, साधारण हाताच्या बोटांएवढं. दोन नव्या अडचणी येतात. रोलर मोकळ्या भागात बुडतो आणि तळाला शाई लागते. ताव मधे झोळ खातो आणि तो झोळ तळाशी टेकतो. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना लिनोच्याच जाडीच्या दोन लांब पट्ट्या ठेवा आणि रोलर त्यांच्यावरून चालवा, तो वरच्यावर राहतो. ताव ठेवण्याआधी तळ कापसाच्या बोळ्याने पुसून घ्या. घासताना फक्त फांदीवर आणि वाट्यांवर घासा, पूर्ण तावावर नको. मागून आकार जाणवतोच.

नुसता काळा लावू नका, पळस मेलेला दिसतो. काळ्यात चांगला मॅजेन्टा आणि थोडा पिवळा. खाली तीन थर असल्याने हा थर चकाकण्याचा धोका असतो, म्हणून शाई सगळ्यात कमी आणि थोडी घट्ट. चकाकलाच तर वर्तमानपत्राने टिपा.

हा थर सगळ्यात सावकाश वाळतो. आठवडाभर एकावर एक ठेवू नका. नंतर मधे बटर पेपर घालून, वर फळी आणि विटा ठेवून सपाट करा.

## ११. निवड, नंबर, सही

ताव ओळीने मांडा. जुळणी हललेले, बोट लागलेले बाजूला. आमच्या सोळापैकी अकरा उरले. नंबर उरलेल्यांवर, १/११ पासून ११/११ पर्यंत. सोळा छापले म्हणून १/१६ लिहायचं नाही. ठशाच्या खाली डावीकडे नंबर, मधे नाव, उजवीकडे सही, सगळं पेन्सिलने. बॉलपेन कागदात उतरतो आणि पुढे पसरतो.

त्या मुलीचे तीनच झाले: १/३, २/३, ३/३. पाच कोऱ्या तावांवर तिने उरलेला ब्लॉक नुसत्या नारिंगीत, मग गडद रंगात छापला, आभाळ नसलेला पळस. शाळेच्या भिंतीवर सध्या त्यातलाच एक लागलेला आहे.